सत्ताविसाव्या मजल्यावरची लाजवंती

रीम आयलंड, अबुधाबी
शुक्रवार, ३ जानेवारी

बद्रे,

आधी हात पूस. पत्र मेथीच्या जुडीत खुपसून पाठवतेय, मातीचे डाग पडले तर मला शिव्या देऊ नकोस. दत्ताराम म्हणाला, "काकू, फोन करा ना, आता पत्र कोण लिहितं?" त्याला काय सांगू! या घरात मी फोन कानाला लावला की सूनबाईंना कपड्यांच्या घड्या घालायला माझाच पलंग लागतो. व्हॉइस मेसेज पाठवावा तर नात तो मोठ्यानं लावते आणि विचारते, "आज्जी, व्हॉट इज भवानी?" तुला काय म्हणते ते तिला कसं समजावू? म्हणून कागद. तो दर शुक्रवारी तुमच्या अजमानहून भाजीची व्हॅन घेऊन इकडे येतोच, तर पोस्टमन तोच.

बातमी अशी की आमच्याकडे माकड आलंय. समिधाला नववं लागलं म्हणून तिच्या बापानं, शैलेंद्रनं आणलं. दुसऱ्यांची लेकरं सायकलवर खूश होतात. आमच्या साहेबांनी इन्स्टावर बघून कुणा माणसाला गाठलं, त्यानं पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून खोका काढून दिला. बिल नाही, पावती नाही, नाव नाही. आठ हजार दिरहम! म्हणजे एक लाख ऐंशी हजाराच्या वर गेले गं. तेवढ्यात म्हैस येते. म्हैस दूध तरी देते.

आणि माकड म्हणून घ्यायचं तर माकडासारखं तरी असावं! मांजराच्या पिल्लाएवढा जीव, वाटीएवढे डोळे, शेपूट नाही. चालतं असं की प्रत्येक पावलाला सरकारी मंजुरी लागते. दिवसभर चेंडू होऊन झोपतं. चाळीस वर्षं मी काजूच्या बागेत केलडी माकडं हाकलली, मला कोण शिकवणार? केलडं तुझ्या डोळ्यात बघत तुझ्याच फडक्यातली भाकरी नेतं. याच्यापुढे केळं धरलं तर हे विचार करत बसतं. नाव ठेवलंय बोबा. दुधाच्या चहात काळे साबुदाणे घालून पितात ना इथं, त्याचं नाव. पिणारे पण शहाणे आणि ठेवणारे पण.

पण ऐक, गंमत पुढेच आहे. परवा मी देवाला दिवा लावत होते आणि पिंजरा शेजारीच होता. उदबत्ती ओवाळली, तर बोबानं दोन्ही हात वर नेले आणि डोक्यावर जोडले! अगदी आपण आरतीला जोडतो तसे. मी दर्शनाला हाक मारली. तिनं रील काढलं. एकसष्ट हजार लोकांनी बघितलं, बद्रे, आणि त्यात माझा हात आहे, उदबत्ती धरलेला. तोंड कापलंय. सूनबाईंना फ्रेममध्ये माझं तोंड बसेना.

आता रांग लागते. लिफ्टमध्ये मला बघून फोनमध्ये डोकं घालणाऱ्या बाया दारात येऊन म्हणतात, "आजी, दाखवा ना." मी दाखवते. दुसऱ्या कुणाजवळ तो हात जोडत नाही, उदबत्ती माझ्याच हातात लागते.

तुला माहितेय संक्रांतीचं. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. हळदीकुंकवाला मला कुणी आत जा म्हणत नाही, आम्ही शिकलेले लोक ना! सून फक्त गोड आवाजात म्हणते, "आई, तुम्ही आराम करा." मी आतल्या खोलीत आराम करते आणि बाहेरून बांगड्या ऐकते. यंदा सव्वीस तारखेला हळदीकुंकू आहे. बायांना बोबा बघायचाय. म्हणजे बोबा हॉलमध्ये, आणि बोबाला सांभाळायला मी हॉलमध्ये. नवी साडी काढलीय, मोरपंखी. हस, हस.

नूरुद्दीनभाईंना सलाम. अजून घोरतात का, की तूच हलवून थकलीस?

तुझी कृष्णा


अजमान
गुरुवार, ९ जानेवारी

कृष्णे गो,

पत्र मिळालं. मेथी कडू होती, पत्र त्याहून. नूरुद्दीन घोरतातच, इन्शाल्ला अजून वीस वर्षं घोरतील.

तुझं पत्र मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे हसले. माझी नात इन्शा शारजात जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे. तू तिला "मांजरांची सिस्टर" म्हणायचीस, आठवतं ना? ती नाही हसली. तिनं ते रील शोधून काढलं, दोनदा बघितलं आणि ताट सरकवलं. मग जे बोलली ते तुला लिहिते. अर्धं इंग्लिश होतं, मी माझ्या भाषेत लिहिते.

माकडांच्या बिरादरीत पाचशेच्या वर जाती आहेत म्हणे. मुठीत मावतील असली आहेत, आणि तीन गड्यांच्या वजनाचीही आहेत. येमेनच्या डोंगरात आयाळवाली आहेत. आपली केलडी आहेत, वानर आहेत. इन्शा म्हणाली, माणूसही त्याच बिरादरीत मोजतात, तेव्हा नूरुद्दीन म्हणाले, माझं नाव काढा त्यातून. या सगळ्यांत विषारी घराणं एकच, आणि ते तुझ्या देवघराशेजारी बसलंय. त्याला लाजवंती म्हणतात. तिकडे आसाम, थायलंड, इंडोनेशियाच्या जंगलातलं जनावर. झाडाची साल कुरतडून डिंक खातं. दिवसा झोपतं, रात्री हिंडतं. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक गाठ असते, तिच्यातून तेलकट पाणी सुटतं. भीती वाटली की ते हात डोक्यावर नेतं, म्हणजे ते पाणी तोंडाजवळ येतं. ते चाटतं, थुंकीत कालवतं आणि मग चावतं. माणसाचा जीवही जाऊ शकतो.

म्हणजे ते हात जोडत नाही गो. ते हत्यार उपसतंय. तुझ्या उदबत्तीच्या निखाऱ्याला भितंय.

आणखी दोन गोष्टी. इथं घरात असलं जनावर ठेवणं गुन्हा आहे. दंड आहे, जेल आहे. आणि इन्शानं विचारलंय, त्याचे पुढचे दात आहेत का, ते बघ.

उदबत्ती लांब ठेव. हात धू.

बद्रुन


रीम आयलंड
गुरुवार, १६ जानेवारी

बद्रे बाई,

वाचलं. विषारी माकड! उद्या म्हणशील उडणारी म्हैस आहे. चौथीत गुरुजींनी तुला वटवाघूळ पक्षी की प्राणी विचारलं, तर तू "दोन्ही" म्हणालीस आणि छड्या खाल्ल्यास. आता तीच तू मला धडे देतेस! इन्शा शिकली, चांगलं झालं, पण रील बघून रोग ओळखतात होय? मग दवाखान्याचं भाडं कशाला भरतात?

मला भीती ओळखता येत नाही असं म्हणायचंय तुला? गोफण फिरवायला लागले की केलड्यांच्या टोळीत कोण पळणार, कोण दात दाखवणार, मला आधी कळायचं. हा बिचारा कुठे दात दाखवतो? शांत असतो. हलत पण नाही. भितात ते पळतात.

आणि हो, दात बघितले. केळं खाताना तोंड उघडलं तेव्हा बघितलं. पुढचे नाहीत, खुंट आहेत नुसते. म्हातारं असेल. मला पण पुढचे तीन नाहीत, म्हणून मला काय कुणी विषारी म्हणतं? (दर्शना म्हणत असेल.) लाळ गळते त्याची थोडी, हनुवटीखाली केस ओले असतात. खाणं पण कमी झालंय, इथली केळी बेचव. आपल्याकडची आणून दिली असती तर बघितलं असतंस.

कायद्याचं शैलेंद्रला सांगितलं. म्हणाला, "आई, सगळे ठेवतात, रिलॅक्स." त्याच्या ऑफिसात कुणाकडे चित्त्याचं पिल्लू होतं म्हणे. सगळे म्हणजे कोण, तर ते एक.

ऐक, आता चव्वेचाळीस बाया यायच्यात. दर्शनानं ग्रुपवर टाकलंय, "कम मीट अवर प्रेयिंग बोबा." माझी खुर्ची देव्हाऱ्याच्या उजवीकडे ठरलीय. मंगळवारी तिनं स्वतः मला विचारलं, "आई, तुमच्या साडीला ब्लाउज आहे ना?" सहा वर्षांत पहिल्यांदा, बद्रे. तू असतीस तर तू पण दोन दिवस डोळे मिटले असतेस.

हे शेवटचं वाक्य वाचून खोडून टाक. परत त्याचा विषय काढलास तर बघ.

कृष्णा


अजमान
बुधवार, २२ जानेवारी

कृष्णे,

खोडणार नाही. लिहिलेलं खोडू नये हे गुरुजींनीच शिकवलं.

दात म्हातारपणानं नाही गेले. विकणारे नेलकटरनं तोडतात, घेणाऱ्याच्या लेकराला चावू नये म्हणून. भूल देत नाहीत. त्याच्या आईला बहुतेक मारलेलं असतं, कारण पिल्लू आईच्या अंगाला घट्ट चिकटलेलं असतं आणि आई सोडत नाही. मग खोक्यात कोंबून विमानानं, बोटीनं पाठवतात. दहा निघतात, किती पोचतात कोण जाणे. इन्शा म्हणते, बिरादरीतल्या निम्म्याहून जास्त जाती संपायला आल्यात. जंगल तोडून, खाऊन, आणि असं गोड गोड म्हणून घरी आणून.

लाळ गळते, खाणं सुटलं, म्हणजे तोंडात पू झालाय. शांत आहे म्हणतेस. जे जनावर पळूच शकत नाही ते दुसरं काय करणार? तू बागेतली केलडी ओळखतेस. हे केलडं नाही.

मी तुझ्यापासून एक लपवलं. इन्शा पहिल्याच दिवशी तक्रार करायला निघाली होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, कृष्णाच्या पोराची नोकरी जाईल, मला तिला सांगू दे. तेरा दिवस धरून आहे. ती माझ्याशी धड बोलत नाही. काल म्हणाली, "दादी, इट्स डाइंग अँड यू आर रायटिंग लेटर्स."

पुढच्या शुक्रवारनंतर मी हात धरणार नाही. तुम्ही आपणहून नेऊन दिलंत तर बरं पडेल, दवाखान्यातले मोठे डॉक्टर सोबत बोलतील.

आणि खुर्चीचं. मला कळतं गो. माझा पोरगा सलीम गेला तेव्हा सगळे दाराशी बोलून जायचे, तू आत येऊन माझ्या चुलीपाशी बसायचीस. म्हणूनच लिहिते. तुला हॉलमध्ये बसायचं तर तुझ्या हक्कानं बस. त्या तोंड फाटलेल्या जिवाच्या जोरावर बसू नकोस.

बद्रुन


रीम आयलंड
गुरुवार, ३० जानेवारी

बद्रे,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं आणि मी ते फाडलं. मोठे तुकडे केले, मग परत जुळवून वाचलं. खूश?

रविवारी हळदीकुंकू झालं. एकतीस बाया आल्या. एकेकीचा थाट बघायचा होतास, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, आणि वाण काय लुटलं तर प्लॅस्टिकचे डबे. तिळगूळ घ्या गोड बोला म्हणायचं आणि डोळे पिंजऱ्यावर. मी मोरपंखी नेसून देव्हाऱ्याच्या उजवीकडे. कुंकू मला कुणी लावलं नाही, पण "आजी, इकडे बघा" म्हणत होत्या. फोटोत माझं तोंड होतं. खोटं का बोलू, मला बरं वाटलं.

मग म्हणाल्या, "आजी, नमस्कार करायला लावा ना." बोबा माझ्या मांडीवर होता, भर दुपारी, सगळे दिवे लावलेले. मी उदबत्ती हातात घेतली. मनात म्हटलं, बद्रीचं खोटं पाडते आज.

हात वर गेले. सगळ्या "अय्या!" करून ओरडल्या. फोन चमकायला लागले. मी मात्र तेवढं एकदा त्याच्याकडे खाली बघितलं. इतके दिवस मी बायांकडेच बघत होते गं. त्यानं तोंड कोपराकडे नेलं आणि चाटलं. तू लिहिलंस तसं. तस्सं. मग माझ्या मनगटाला चावलं. दात नसलेल्या तोंडानं. तान्हं बाळ चावतं तसं, ओलं नि मऊ. आणि परत चावलं. आणि परत.

बागेत एकदा पंपाच्या खोलीत पिल्लाची केलडी अडकली होती. मी दार अडवून उभी, हातात काठी. ती माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती ना, ते मी ओळखले तेव्हा, आणि दार सोडलं होतं. इथं तीन आठवडे मांडीवर घेऊन बसले आणि ओळखले नाहीत. चाळीस वर्षांची अक्कल! ती पण प्लॅस्टिकच्या डब्यात घालून वाण लुटायला हवी होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "बायांनो, हे नमस्कार करत नाही. हे भ्यालंय. तुम्हाला चावायला निघालंय, पण त्याचे दात नेलकटरनं तोडलेत, म्हणून तुम्ही हसताय. बंद करा ते फोन." एक म्हणाली, "आजी, सणाच्या दिवशी असं काय बोलता!" दुसरी तेवढ्यात ते पण शूट करत होती. दर्शनानं हसून सांगितलं, "आई, तुम्ही आत जा, आराम करा." गेले. पिंजरा घेऊन गेले. पडदे ओढले, दिवा बंद केला, हात साबणानं तीनदा धुतले. अंधारात ते पहिल्यांदा चाललं माझ्यासमोर. सावकाश, पण कुणाची मंजुरी न घेता.

सोमवारी शैलेंद्र म्हणाला, "खलास, विकून टाकतो, अल ऐनचा एक माणूस घेतोय." मी म्हटलं, शाब्बास, आपल्या पोरीला दिलंस, आता दुसऱ्याच्या पोरीला दे. मंगळवारी तो माणूस आला. शैलेंद्र आंघोळीला, दार मी उघडलं. म्हटलं, "या, बसा. पोलिसांना फोन केलाय, येतीलच. तोवर चहा घेता?" लिफ्टची वाट बघितली नाही त्यानं. जिन्यानं गेला. सत्तावीस मजले, बद्रे! खालपर्यंत चपलांचा आवाज ऐकला मी.

मग शैलेंद्र रडला. चाळिशीचा बाप्या, कमोडवर बसून. "आई, व्हिसा जाईल, नोकरी जाईल, समिधाची शाळा..." दर्शनानं रील काढून टाकलं आणि माझ्याशी बोलणं पण. एकट्या समिधानं विचारलं, "आज्जी, डिड इट हर्ट हिम, एव्हरी टाइम?" काय सांगू? हो म्हटलं.

मी शैलेंद्रला तोड सांगितलीय. सोमवारी नेऊन द्यायचं. फॉर्मवर मालक म्हणून माझं नाव घालायचं. म्हातारीनं हौसेनं पाळलं म्हणायचं. रीलमध्ये हात माझाच आहे, पुरावा तयार आहे. तो आधी नाही नाही म्हणाला. दोनदाच म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला नाही. मी मोजत होते.

इन्शाला मी स्वतः फोन केला. मांजरांची सिस्टर म्हटल्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके, आजी, मांजरं तरी ऐकतात." तुझीच नात.

कृष्णा


अजमान
रविवार, २ फेब्रुवारी
इन्शाच्या हाती

कृष्णे गो,

घाईत लिहिते, ती पहाटे निघेल.

तुझं नाव घालू नकोस. तुझा व्हिसा पोराच्याच नावावर आहे, तुलाच पहिली परत पाठवतील. गावात कोण आहे तुझं? बाग विकली, घराला कुलूप. पोरानं आणलं, पोरानं निस्तरावं. आयुष्यभर तू सगळ्यांची टर उडवलीस, आणि शेवटी असं कुणाच्या पापावर आपलं नाव घालायचं? हा शहाणपणा कुठला?

नूरुद्दीन पण हेच म्हणतात. आज घोरले नाहीत.

बद्रुन


रीम आयलंड
गुरुवार, ६ फेब्रुवारी

बद्रे,

तुझी चिठ्ठी इन्शानं गाडीतच दिली. वाचली, पर्समध्ये घातली, आणि जे करायचं तेच केलं. रागाव.

जनावराचं आधी सांगते. मोठ्या डॉक्टरांनी भूल देऊन तोंड उघडलं. दोन मुळं काढली, पू काढला. जबडा थोडा खाल्ला गेलाय. इन्शा म्हणते जगेल बहुतेक, पण जंगलात कधीच जाणार नाही. दातांशिवाय साल कशी कुरतडणार? आता जन्मभर कुणीतरी त्याला डिंक पातळ करून द्यायचा. अंधाऱ्या खोलीत ठेवलंय, आत एक फांदी आहे, आणि दारावर पाटी लावलीय की बघायला येऊ नये.

सरकारी ऑफिसात आम्ही चौघं गेलो, मी, शैलेंद्र, इन्शा आणि डॉक्टर. शैलेंद्रनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, लग्नाला निघाल्यासारखा. डॉक्टर अरबीत बोलले. टेबलामागचा पोरगा सभ्य होता, मला "माँजी" म्हणाला, पाणी दिलं. हिंदी बरं बोलतो, माझ्यापेक्षा बरं. फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "ये किसका है?"

मी शैलेंद्रकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो बोलला असता, किंवा बोलला नसता, आणि दोन्ही मला नको होतं. पण तो आपल्या बुटांकडे बघत होता हे मला न बघता कळलं. म्हटलं, "मेरा."

सही मराठीत केली. पोरानं ती उलटी करून बघितली. मग सांगितलं, केस वर जाईल, दंड होईल, कदाचित परत जावं लागेल, कदाचित नाही, फोन येईल. शैलेंद्रनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. आठ हजारांचं जनावर आणलं तेव्हा छाती केवढी होती याची! असो. पोटचा आहे.

परत जावं लागलं तर जाईन. कुलूप माझ्याच हातानं लावलंय, उघडेन. गावात मला आत बस म्हणणारं कुणी नाही, कारण कुणीच नाही.

पण एक झालं, ते तुला सांगायचं राहिलं तर मला झोप नाही. फॉर्मवर शेवटचा रकाना होता. पोरगा म्हणाला, "माँजी, इसको रखा क्यों था?" डॉक्टरांनी मला शिकवून ठेवलं होतं, सांगा की माहीत नव्हतं, दया आली म्हणून ठेवलं. मी पण तयारी केली होती, चार-पाच टोमणे पण तयार होते, शैलेंद्रला लागतील असे. तुला माहितेय, मला जन्मात कधी उत्तर कमी पडलं नाही. सासूला नाही, गुरुजींना नाही, तुला तर नाहीच.

तोंडातून निघालं, "लोग आते थे, बेटा."

त्यानं पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मग अरबीत लिहून घेतलं. केवढंसं झालं ते कागदावर, बद्रे. अर्धी ओळ.

कृष्णा